ट्रान्झिस्टरमध्ये करंट नक्की कुठून कुठे जातो? बाणापासून सुरुवात करा

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या सरांनी कागदावर एनपीएन ट्रान्झिस्टर काढला आणि विचारलं, "यात करंट कुठून कुठे जातो?" मी ठासून सांगितलं, "एमिटरकडून कलेक्टरकडे." एमिटर म्हणजे सोडणारा, कलेक्टर म्हणजे गोळा करणारा, हे मी घोकून गेले होते. सरांनी पेनाच्या टोकाने एमिटरवरच्या बाणावर टकटक केलं. "मग हा बाहेर का निघालाय?" पुढची दोन मिनिटं मी त्या बाणाकडे नुसती बघत बसले.

सर करंटची दिशा विचारत होते आणि मी इलेक्ट्रॉनची सांगत होते. एवढीशी गोष्ट, पण ती मला नीट कळायला पुढे वर्षभर लागलं आणि तोवर बरेच ट्रान्झिस्टर जळाले. आता घरी शिकायला येणारी मुलं त्याच जागी अडखळतात, म्हणून हे पायरीपायरीने लिहिते आहे. वाचत वाचत हातानेही करून बघा. हा विषय नुसता वाचून डोक्यात राहत नाही.

आधी हे सामान जमवा

- बीसी ५४७ (एनपीएन) आणि बीसी ५५७ (पीएनपी), प्रत्येकी पाच तरी. अगदी स्वस्त वस्तू आहे, एकच घेऊन येऊ नका.
- पाव वॅटचे रेझिस्टर: ४७० ओहम (पिवळा-जांभळा-तपकिरी), १० किलोओहम (तपकिरी-काळा-नारिंगी), १ मेगाओहम (तपकिरी-काळा-हिरवा).
- लाल एलईडी दोन-तीन, ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप.
- ब्रेडबोर्ड आणि जंपर वायरी.
- डिजिटल मल्टिमीटर. तो स्वस्तातला पिवळा चालेल, फक्त त्याचा फ्यूज शाबूत आहे ना ते बघा.
- दोन्ही ट्रान्झिस्टरच्या डेटाशीट (कंपनीची माहितीपत्रकं) मोबाइलमध्ये उतरवून ठेवा.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. बाकी ठिकाणी टीव्ही दुरुस्तीवाल्याला विचारलंत तर तो दुकान सांगेल.

१. एकच दिशा धरा आणि तिला चिकटून राहा

बॅटरीच्या प्लसमधून निघून सर्किटमधून फिरून मायनसला परत येतो तो करंट. आकृत्या, सूत्रं, डेटाशीट, मीटर, सगळं याच रूढीवर चालतं. तारेत प्रत्यक्ष सरकणारे इलेक्ट्रॉन मात्र मायनसकडून प्लसकडे जातात.

हा घोळ जुना आहे. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने विजेला प्लस आणि मायनस ही नावं दिली, तेव्हा आत काय वाहतं हे कुणालाच माहीत नव्हतं. इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉमसनने लावला तो १८९७ साली. तोवर सगळी पुस्तकं प्लसकडून मायनसकडे लिहून झाली होती. इलेक्ट्रॉनचा भार मायनस निघाला, त्यामुळे तो उजवीकडे गेला की हिशेबात करंट डावीकडे गेला असं मांडायचं. आकडेमोडीत त्याने काडीचाही फरक पडत नाही.

म्हणून पाचव्या पायरीपर्यंत इलेक्ट्रॉन विसरा. खरंच विसरा. अर्ध्या आकृतीत करंट आणि अर्ध्या आकृतीत इलेक्ट्रॉन, अशी भेसळ हीच नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक असते.

२. बाण वाचा

ट्रान्झिस्टरच्या चिन्हात एकाच पायावर बाण असतो, तो एमिटर. बाण करंटची दिशा दाखवतो. संपलं.

एनपीएनमध्ये बाण बाहेर निघतो, म्हणजे एमिटरमधून करंट बाहेर पडतो. बाहेर पडायचा तर तो आत कुठून तरी यायला हवा. तो उरलेल्या दोन्ही पायांतून येतो: कलेक्टरमधून भरपूर, बेसमधून थोडासा. दोन्ही मिळून एमिटरमधून बाहेर.

पीएनपीमध्ये बाण आत जातो. एमिटरमधून करंट आत येतो आणि त्याच्या दोन वाटा होतात. मोठा भाग कलेक्टरमधून बाहेर जातो आणि चिमूटभर बेसमधून.

दोन्हीकडे हिशेब एकच: एमिटरचा करंट = कलेक्टरचा + बेसचा. तिन्ही पायांत एमिटर सगळ्यात जाड नळ समजा.

कुठल्या जातीचा बाण कुठे, हे घोकायची गरज नाही. ट्रान्झिस्टर म्हणजे पी आणि एन अशा दोन जातींच्या सेमीकंडक्टरचे तीन थर, आणि एनपीएन, पीएनपी ही नावं त्या थरांच्या क्रमावरून आली. डायोडसारखाच (डायोड म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हा बाण नेहमी पी भागाकडून एन भागाकडे असतो. एनपीएनमध्ये मधला बेस पी आणि एमिटर एन, म्हणून बाण बेसकडून एमिटरकडे. पीएनपीमध्ये एमिटर पी आणि बेस एन, म्हणून उलट. परीक्षेच्या हॉलमध्ये डोकं बधिर झालं तरी हे मांडून काढता येतं.

३. पाय ओळखा, आणि कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका

बीसी ५४७ची सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. बीसी ५५७चंही तसंच. पण २एन३९०४ दिसायला हुबेहूब तोच आणि त्याचे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. त्याहून वाईट जोडी म्हणजे पी२एन२२२२ए आणि पीएन२२२२ए. नावात एका आकड्याचा फरक आणि कलेक्टर-एमिटर उलटसुलट. कॉलेजच्या लॅबमधल्या एसएल १००सारख्या धातूच्या टोपीवाल्यांत टोपीच्या कडेला एक छोटी जीभ असते, तिच्या शेजारचा पाय एमिटर.

मी एकदा डब्यातला ट्रान्झिस्टर बीसी ५४७ समजून लावला, तो ३९०४ निघाला. गंमत म्हणजे एलईडी लागला! पण मिणमिणता, देवघरातली वात विझत आल्यासारखा. कलेक्टर आणि एमिटर उलटे लावले तरी ट्रान्झिस्टर थोडंफार काम करतो, फक्त त्याची करंट वाढवायची ताकद पार घसरते. मी रेझिस्टर बदलले, बॅटरी बदलली, संध्याकाळ घालवली. शेवटी भिंग घेऊन नंबर वाचला. म्हणून एलईडी अगदीच मंद लागला तर आधी पाय तपासा. शिवाय उलट्या दिशेने एमिटर-बेस जोड फार दाब सोसत नाही. बीसी ५४७ला तिथे ६ व्होल्टची मर्यादा दिलेली आहे.

मीटरने खात्री करायची असेल तर डायोडच्या खुणेवर ठेवा. एनपीएनमध्ये लाल प्रोब बेसवर ठेवून काळा बाकीच्या दोन पायांना आळीपाळीने लावला की दोन्हीकडे ६००-७०० मिलिव्होल्टच्या आसपास आकडा येतो. पीएनपीमध्ये हेच काळा प्रोब बेसवर ठेवून होतं. या दोन आकड्यांत जो किंचित मोठा, तो एमिटरकडचा. फरक थोडकाच असतो, तेव्हा पाय चिमटीत धरून गरम करू नका, आकडा हलतो.

सापळा: जुना काट्याचा मीटर वापरत असाल तर ओहमच्या रेंजमध्ये त्याच्या काळ्या प्रोबवर प्लस असतं. तिथे एनपीएन पीएनपीसारखा दिसेल. लॅबमध्ये या एका कारणावरून निम्मी बॅच भांडताना मी पाहिली आहे.

४. मीटरच्या मायनस खुणेला विचारा

आता खरा प्रयोग. जोडणी अशी: बॅटरीच्या प्लसपासून ४७० ओहम, तिथून एलईडीचा लांब पाय, एलईडीच्या आखूड पायापासून कलेक्टर. एमिटर सरळ मायनसला. बॅटरीच्या प्लसपासून १० किलोओहम बेसला. एलईडी लख्ख लागायला हवा.

करंट मोजायचा तर वायर तोडून मीटर मधे घालावा लागतो. मीटर २० मिलिअँपिअरच्या रेंजवर ठेवा. डिजिटल मीटरची खोड अशी की करंट लाल प्रोबमधून आत शिरून काळ्यातून बाहेर पडला तर आकडा साधा येतो आणि उलट गेला तर आकड्याआधी मायनस उमटतो. म्हणजे दिशा दाखवणारं यंत्र तुमच्या हातातच आहे.

कलेक्टरची वायर काढा. लाल प्रोब एलईडीच्या बाजूला, काळा कलेक्टरला. माझ्या टेबलावर १४.७ मिलिअँपिअर आले, मायनस नाही. म्हणजे करंट कलेक्टरमध्ये शिरतो आहे. वायर परत जोडा. आता बेसला: लाल प्रोब रेझिस्टरच्या बाजूला, काळा बेसला. ०.८४, तोही साधा, म्हणजे बेसमध्येही शिरतो आहे. शेवटी एमिटरला: लाल प्रोब एमिटरला, काळा बॅटरीच्या मायनसला. १५.५. तिथे प्रोब मुद्दाम उलटे करून बघा, मायनस १५.५ दिसेल.

१४.७ आणि ०.८४ची बेरीज करा. शेवटचा आकडा थोडा इकडेतिकडे होईल, कारण मीटर मधे घातला की त्याचाही थोडा अडथळा लागतो. पण दोन वाटांनी आत आणि एका वाटेने बाहेर, हे पडद्यावर दिसलं की पुन्हा कधी विसरत नाही.

आता १० किलोओहम काढून १ मेगाओहम लावा. एलईडी मंद होईल. मीटर २०० मायक्रोअँपिअरवर नेऊन बेसचा करंट मोजा, तो ८-९ मायक्रोअँपिअर असेल. कलेक्टरचा मोजा, तो साधारण दोन-तीन मिलिअँपिअर भरेल. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की जो आकडा येतो तो बीटा किंवा एचएफई. बीसी ५४७मध्ये तो ११० ते ८०० यांत कुठेही असू शकतो. नावामागचं ए, बी, सी हे अक्षर त्यातला गट सांगतं.

पण आधीच्या जोडणीत १४.७ भागिले ०.८४ केलंत तर जेमतेम १७-१८ येतं. ट्रान्झिस्टर बिघडलेला नाही. १० किलोओहममधून बेसला इतका करंट मिळतोय की ट्रान्झिस्टर पूर्ण उघडला आहे, आणि आता ४७० ओहम आणि एलईडी जितका जाऊ देतील तितकाच करंट जाणार. यालाच सॅच्युरेशन म्हणतात. स्विच म्हणून वापरताना ट्रान्झिस्टर असाच हवा.

सापळे, घाईत वाचू नका:

- बेसचा रेझिस्टर विसरून बेस थेट प्लसला लावू नका. बेस-एमिटर म्हणजे डायोड. तो बॅटरीवर सरळ पडला की संपला.
- मीटर करंटच्या रेंजवर असताना प्रोब बॅटरीच्या दोन टोकांना लावले की फ्यूज जातो. १० अँपिअरच्या भोकात लाल प्रोब असेल तर आणखी वाईट, कारण बऱ्याच स्वस्त मीटरांत तिथे फ्यूजच नसतो.
- बेस मोकळा लोंबकळत ठेवू नका. बोट लागलं तरी एलईडी लुकलुकतो आणि तुम्ही भूत शोधत बसता.

५. आता इलेक्ट्रॉनना आत घ्या

हुशार मुलं इथे एक प्रश्न विचारतात, आणि तो बरोबरच आहे. कलेक्टर-बेसचा डायोड तर उलटा जोडलेला आहे. १ मेगाओहमच्या जोडणीत कलेक्टर प्लसकडे, बेस त्याच्याहून खाली. उलट्या डायोडमधून इतका करंट जातो कसा?

एनपीएनमध्ये एमिटर इलेक्ट्रॉननी खच्चून भरलेला असतो. बेस-एमिटर डायोड सुलटा झाला, म्हणजे बेस एमिटरपेक्षा साधारण ०.७ व्होल्ट वर गेला, की हे इलेक्ट्रॉन बेसमध्ये घुसतात. बेस अतिशय पातळ असतो आणि त्यात होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, खाली सांगते) कमी असतात. म्हणून घुसलेल्यांपैकी थोडेच तिथल्या होलमध्ये अडकतात. बाकीचे भटकत भटकत कलेक्टरच्या सीमेपर्यंत पोचतात, आणि तिथलं विद्युतक्षेत्र त्यांना झपकन ओढून घेतं. जे क्षेत्र बेसमधल्या होलना कलेक्टरकडे जाऊ देत नाही, तेच या पाहुण्या इलेक्ट्रॉनना पलीकडे खेचतं. उलटा डायोड करंट अडवतो तो त्याला वाहून न्यायला फारसे कण मिळत नाहीत म्हणून. इथे एमिटर ते पुरवतो आहे.

म्हणजे इलेक्ट्रॉन एमिटरकडून कलेक्टरकडे गेले आणि करंट कलेक्टरकडून एमिटरकडे. सरांना हे दुसरं हवं होतं.

मीटरवर ट्रान्झिस्टर दोन डायोडसारखा दिसतो म्हणून दोन १एन४००७ पाठीला पाठ लावून ट्रान्झिस्टर बनवायचा उद्योग काही जण करतात. मीही केला आहे. होत नाही, कारण बेस पातळ आणि सलग हवा. दोन डायोडमधल्या तारेत शिरलेला इलेक्ट्रॉन सरळ बेसच्या वाटेने निघून जातो.

आणि होल म्हणजे काय? पंगत आठवा. मधला एक जण उठला, त्याच्या उजवीकडचे सगळे एकेक पाट डावीकडे सरकले. माणसं डावीकडे गेली आणि रिकामा पाट उजवीकडे गेला. तो रिकामा पाट म्हणजे होल. सरकतात इलेक्ट्रॉनच, पण हिशेब रिकाम्या जागेचा ठेवणं सोपं पडतं. पीएनपीमध्ये एमिटर होल सोडतो, ते कलेक्टरकडे जातात आणि होलची दिशा हीच करंटची दिशा असते. तिथे माझं तोंडी परीक्षेतलं उत्तर बरोबर ठरलं असतं.

६. पीएनपी उलटा मांडा

बीसी ५५७ घ्या. एमिटर बॅटरीच्या प्लसला. कलेक्टरपासून ४७० ओहम, मग एलईडीचा लांब पाय, आखूड पाय मायनसला. बेसपासून १० किलोओहम मायनसला.

एलईडी लागला की बेसमध्ये मीटर घाला: लाल बेसला, काळा रेझिस्टरच्या बाजूला. आकडा साधा येतो, म्हणजे करंट बेसमधून बाहेर पडतो आहे. पीएनपीला बेसमध्ये करंट "द्यायचा" नसतो, बेसमधून काढून घ्यायचा असतो. बेस खाली ओढला की चालू, एमिटरच्या पातळीला नेला की बंद.

डेटाशीटमध्ये बीसी ५५७चा कलेक्टर करंट उणे १०० मिलिअँपिअर लिहिलेला दिसेल आणि घाबरायला होईल. पायातून आत शिरणारा करंट प्लस धरायचा असा संकेत आहे. पीएनपीच्या कलेक्टरमधून तो बाहेर पडतो, म्हणून उणे. मर्यादा १०० मिलिअँपिअरचीच.

७. लोड (म्हणजे जी वस्तू चालवायची ती) कुठे लावायचा

सगळ्यात जास्त फोन मला याच पायरीवर येतात. १२ व्होल्टचा रिले (कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच), ५ व्होल्टचा आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), आणि रिले एकतर वाजत नाही किंवा सुटत नाही.

एनपीएन असेल तर लोड प्लस आणि कलेक्टर यांच्या मध्ये, एमिटर ग्राउंडला. रिलेची कॉइल ४०० ओहमची असेल तर १२ व्होल्टवर ३० मिलिअँपिअर लागतात. ५ व्होल्टच्या पिनवरून बेसला २.२ किलोओहम लावा, सुमारे २ मिलिअँपिअर मिळतात, आणि ते पुरतात. आर्डुइनोचं ग्राउंड आणि १२ व्होल्टचं ग्राउंड एकमेकांना जोडा. ते न जोडल्यास बेसमधला करंट परत जाणार कुठून?

हाच रिले एमिटर आणि ग्राउंडच्या मध्ये लावला तर? एमिटर बेसपेक्षा ०.७ व्होल्ट खालीच राहतो. बेस ५वर, म्हणजे रिलेला ४.३. बारा व्होल्टचा रिले त्यावर वाजणार नाही.

आता पीएनपी. एमिटर १२ व्होल्टला, बेस रेझिस्टरमधून थेट आर्डुइनोच्या पिनला. पिन ० केली, रिले लागला. पिन ५ केली, रिले लागलेलाच! कारण बंद व्हायला बेस १२च्या जवळ जायला हवा, आणि पिन ५च्या वर जात नाही. एमिटरमधून बेस, बेसमधून पिन, असा करंट वाहतच राहतो, तोही बोर्डाच्या पोटात. यावर उपाय म्हणजे मधे एक एनपीएन. आर्डुइनो एनपीएनला चालवतो, एनपीएनचा कलेक्टर ४.७ किलोओहममधून पीएनपीचा बेस खाली ओढतो, आणि पीएनपीच्या बेस-एमिटरमध्ये १० किलोओहम, म्हणजे सोडल्यावर बेस आपोआप १२ला जाऊन बसतो.

रिलेच्या कॉइलला डायोड लावायचा तोही करंटच्या दिशेमुळेच. ट्रान्झिस्टर बंद झाला तरी कॉइल आपला करंट त्याच दिशेने रेटत राहते. वाट मिळाली नाही तर व्होल्टेज उसळतं आणि ट्रान्झिस्टर मरतो. १एन४००७ची पट्टीची बाजू प्लसकडे ठेवून कॉइलला समांतर लावा, म्हणजे करंट डायोडमधून गोल फिरून विरून जातो. पट्टी उलटी केलीत तर ट्रान्झिस्टर चालू होताच डायोडमधून सरळ शॉर्ट.

८. मॉसफेटचा बाण पाहून गोंधळू नका

पुढेमागे मॉसफेट हातात येईलच. हा ट्रान्झिस्टरचाच दुसरा प्रकार, त्याच्या पायांची नावं ड्रेन, सोर्स आणि गेट. एन-चॅनेलमध्ये करंट ड्रेनकडून सोर्सकडे जातो, गेटमधून मात्र स्थिर अवस्थेत करंट जवळपास जातच नाही, तिथे फक्त व्होल्टेज लागतं. आणि चिन्हातला मधला बाण आत जाणारा! तो पीएनपीची आठवण करून देतो आणि माणूस फसतो. दुसऱ्या पायरीतला नियम इथेही लावा: बाण पीकडून एनकडे. एन-चॅनेलमध्ये खालचा पाया पी असतो आणि चॅनेल एन, म्हणून बाण चॅनेलकडे, म्हणजे आत. तो बाण या जोडाचा आहे, ड्रेन-सोर्स करंटचा नाही. जोडताना एन-चॅनेल मॉसफेट एनपीएनच्याच जागी बसतो: लोड प्लस आणि ड्रेनच्या मध्ये, सोर्स ग्राउंडला, आणि गेटपासून ग्राउंडला एक १० किलोओहम.